दोन पाळ्यांच्या घरात चार गोळ्या

नाताळच्या सुटीत मिरजेचे लोक गणपतीपुळ्याला जातात, महाबळेश्वरला जातात, फार तर पुतणीकडे पुण्याला जातात. भिवंडीला जाणारी मी पहिलीच. स्टाफरूममध्ये तसं जाहीर केलं तेव्हा गणिताचे सर म्हणाले, "काय, कापड आणायला?" मी म्हटलं, "नाही, मेंदू बघायला." त्यावर त्यांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते बुडून गेलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

खरं तर मला शालूनं बोलावलं होतं. शालू आणि मी बी.एड.ला एका खोलीत राहायचो. ती आता भिवंडीत शाळेत शिकवते, तिच्या नवऱ्याचे, दामोदरचे, यंत्रमाग आहेत. फोनवर ती म्हणाली, "आमच्या आयला, माझ्या सासूबाईंना, कंपवात झालाय, पाच वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, पण आता लागू पडत नाहीत. डॉक्टरांचं ऐकत नाही. तू बायॉलॉजी शिकवतेस, तू सांग तिला गोळी काय करते ते."

"मी सांगितलेलं ती ऐकेल?"

"तू स्नेहसंमेलनाच्या नाटकात तीनदा राक्षस झालीस हे मी तिला सांगितलंय. तेव्हापासून तुझ्याबद्दल तिला आदर आहे."

आदराचं आमंत्रण आलं की मी थांबत नाही. बॅग भरली.

धामणकर नाका

धामणकर नाक्यावर बसमधून उतरले आणि पहिल्याच मिनिटाला मरता मरता वाचले. मी इकडं तिकडं बघत, हातात बॅग, खांद्यावर शाल, अगदी नाटकातल्या राणीसारखी रस्ता ओलांडत होते. डावीकडून तागे रचलेली हातगाडी आली, उजवीकडून टेम्पो, आणि मागून कुणीतरी "बाजू, बाजू" ओरडलं. पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते असं, की मी एका शेअर रिक्षात होते आणि आत आधीच बसलेल्या तीन गृहस्थांच्या मांड्यांवर आडवी होते. रिक्षावाला मागं न वळता म्हणाला, "मॅडम, चौथी सीट पुढं है."

छाती धडधडत होती, तोंड कोरडं, तळव्यांना घाम. हे काम अ‍ॅड्रेनालिनचं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या टोप्या असतात, त्यांतून ते थेट रक्तात सुटतं. पाय उडी मारतात, मग बाईला कळतं की तिनं उडी मारली. या अ‍ॅड्रेनालिनला दोन भावंडं आहेत, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन. तिघंही एकाच कच्च्या मालातून होतात, आणि तो माल आपण रोज डाळीतून, मासळीतून, अंड्यातून खातो. मी हे वर्गात बावीस वर्षं शिकवतेय. पण तिघांपैकी धाकट्याशी, अ‍ॅड्रेनालिनशी, माझी ओळख त्या रिक्षात, तीन परक्या मांड्यांवर झाली. थोरल्याला, डोपामिनला, भेटायला अजून पंधरा मिनिटं होती.

शालूचं घर नाक्यापासून दोन गल्ल्या आत. मागच्या अंगणात माग, पुढं नवं घर. जवळच्या वडपे गावातली शेतजमीन गोदामाला भाड्यानं दिली, त्या पैशातून हॉलला पांढराशुभ्र संगमरवर घातलेला. फरशी इतकी गुळगुळीत की मला माझी हनुवटी दिसली, आणि ती दिसायला नको होती.

आय आतून मला भेटायला निघाली. उंच बाई, काठापदराचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि थांबली. वरचं अंग पुढं झुकलं, पाय जागच्या जागी बारीक थरथरले आणि चिकटल्यासारखे राहिले. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता. आमच्या पुस्तकात त्याला गोळी वळल्यासारखा कंप म्हणतात. पण ज्यानं माग पाहिलाय त्याला वेगळंच दिसलं असतं. तुटलेलं सूत पिळून जोडतात, अगदी तशी ती बोटं.

दामोदर धावला. तिनं डोळ्यांनीच त्याला मागं सारलं. अर्धं मिनिट गेलं असेल. मग पाऊल सुटलं.

"तूच ती राक्षस झालेली मास्तरीन?" ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द नव्हे. "दिसतंस त लय बारकी."

"मेकअपनं मोठी दिसायचे, आय."

"हां. मना वाटला तूच तशी." आणि ती बसली.

जेवायला तांदळाची पातळ भाकरी आणि निवट्यांचं चिंचेचं कालवण होतं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी मासळी. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीशी असलं काही खाल्लं तर शेजारी विचारतील, आज काय आजारी आहात का. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिसऱ्या भाकरीला खरी गोष्ट बाहेर आली.

पहिला माग सुरू झाला त्या वर्षापासून आय दर वर्षी वज्रेश्वरीच्या बावन्न पायऱ्या आपल्या पायांनी चढते. नवसच तसा आहे. गेल्या वर्षी जमलं नाही. या वर्षी येत्या रविवारी जायचं होतं, आणि दामोदरनं परस्पर व्यवस्था केली होती. गोदामातले चार हमाल आणि बांबू बांधलेली प्लॅस्टिकची खुर्ची.

"आय, देवीला काय, वर आलेलं माणूस दिसतं," दामोदर म्हणाला. "कसं आलं ते कोण बघतं?"

"तुजी खुर्ची तूच वापर, दामू." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आयक मास्तरीन. आयतवारी मी माज्या पायांनी चढली त गोल्या खाईन. न्हाय चढली त गोल्या गटारान. दिवसाला चार गोल्या खायाच्या नि हालाचा पन न्हाय, त खायाच्या कशाला?"

हात धुताना शालू मागच्या मोरीत माझ्या कानाशी म्हणाली, "ती बोलते तसं करते. तिच्या आयुष्यात तिनं एक गोष्ट सोडलीय, तंबाखू, आणि ती एका दिवसात सोडलीय."

बुधवार होता. हातात तीन दिवस होते. मी पदर खोचला.

पाळी बदलताना

गुरुवारी सकाळी आठला मागच्या अंगणात पाळी बदलली. रात्रीचे विणकर डोळे चोळत बाहेर पडले, दिवसाचे आत गेले, आणि त्याच क्षणी शालूनं आयच्या पुढं ताट ठेवलं. सुकटीचं कालवण, भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि वाटीत दोन पिवळ्या गोळ्या.

"दोन?" मी विचारलं. "दिवसाला चार ना?"

"दोन आत्ता, दोन रात्री आठला," दामोदर म्हणाला. "मॅडम, आपल्याकडे शिफ्ट दोनच. डे आणि नाइट. डॉक्टरनं चार लिहिल्या, दोन शिफ्टमध्ये वाटल्या. पाच वर्षं हीच ड्युटी आहे."

मी चिठ्ठी मागितली. तिच्यावर स्वच्छ लिहिलं होतं, एकेक गोळी, दिवसातून चार वेळा, जेवणाआधी. या घरात दूधवाला शिफ्टनं येतो, पाणी शिफ्टनं भरतात, दामोदरचा जन्मसुद्धा "नाइट सुटता सुटता" झाला असं आय सांगते. चार वेळा हे शब्द या घरात आले आणि दारातच दोन पाळ्यांत विभागले गेले. कुणी निष्काळजीपणा केला नव्हता. एक गोळीसुद्धा चुकली नव्हती.

मी चिठ्ठी घडी करून ठेवली. अंड्यांकडे बघितलं, गोळ्यांकडे बघितलं आणि शालूला म्हटलं, "मला डॉक्टरांचा नंबर दे."

ठाण्याच्या डॉक्टरबाई पेशंट तपासत होत्या, दुपारी फोन करा म्हणाल्या. तोवर आय म्हणाली, "चल, तुला माज्या पोरी दावतंय." पोरी म्हणजे चोवीस माग.

मी एक अभिमानी बाई आहे. माझा आवाज मिरजेत शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय जातो. त्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझा आवाज माझ्या दातांच्या बाहेर आला नाही. चोवीस धोटे इकडून तिकडे, तिकडून इकडे, खटाक खट, खटाक खट. तिथं माणसं ओठ वाचतात आणि बोटांनी बोलतात. मी दोन वाक्यं बोलले, तर जुने विणकर मुस्तकीम चाचा माझ्याकडे बघून इतक्या प्रेमानं हसले की मी गप्प झाले.

आणि मग मी पाहिलं. आय चालत होती. मागांच्या मधल्या अरुंद वाटेनं, खटाक खट, पाऊल, खटाक खट, पाऊल, एकदाही न अडकता. हॉलमधल्या संगमरवरावर जिला अर्धं मिनिट लागलं ती इथं निरीक्षकासारखी फिरत होती. कापडावर हात फिरवत होती, एका विणकराला डोळ्यांनी झापत होती.

तेवढ्यात वीज गेली. ती भारनियमनाची वर्षं, रोज अकरा वाजता वीज जायची. चोवीस माग एकदम थांबले, कानात शिट्टी वाजायला लागली. आणि वाटेच्या मध्यावर आय थांबली. पुढचा पाय अर्धा उचललेला, तसाच खाली आला.

दामोदर मला हळूच म्हणाला, "प्रॉडक्शन थांबलं की तिला असंच होतं. मनाला लावून घेते."

मुस्तकीम चाचा तंबाखू मळत म्हणाले, "नहीं सेठ. ग़म वाली बात नहीं है. हम देखते हैं रोज़. लाइट गई तो अम्मा गईं. लाइट आई तो अम्मा आईं."

सहा महिने हे ते बघत होते. कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं.

आयला धरून आम्ही एका रिकाम्या बीमवर, ताण्याचं सूत गुंडाळायच्या रुळावर, बसवलं. वीज दोन तासांनी येणार होती. मला शांतता मिळाली, श्रोते मिळाले, आणि विणकर जमिनीवर मांडी घालून बसल्यावर मला थांबवणारं कुणी उरलं नाही.

"आय, तुमच्या डोक्यात मधोमध, खोलवर, एक कारखाना आहे. बोटाच्या पेराएवढा. काळपट दिसतो. तिथं डोपामिन नावाचा माल तयार होतो."

"कं करतंय तो?"

"पायाला सांगतो, उचल. हाताला सांगतो, थांब. हे सगळं तुमच्या नकळत."

"सूत कनचा?"

प्रश्न असा की मी तिला दहा मार्क दिले असते. "सूत म्हणजे टायरोसिन. तुमच्या अंड्यात आहे, सुकटीत आहे. सुताचा आधी डोपा होतो, डोपाचं डोपामिन. काही पेशी तिथंच थांबतात, काही पुढं जाऊन नॉरअ‍ॅड्रेनालिन करतात, मूत्रपिंडावरची टोपी त्याचंही पुढं अ‍ॅड्रेनालिन करते. जसं कोरं कापड, मग रंगवलेलं, मग छापलेलं. धागा तोच."

"और सबसे धीमी मशीन कौन सी?" मुस्तकीम चाचांनी विचारलं. "हर कारख़ाने में एक मशीन होती है जो सबको रोक के रखती है."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "पहिलीच, चाचा. सुताचा डोपा करणारी. तीच सगळ्यांचा वेग ठरवते. आणि पुढं माल जास्त साठला, तर तोच माल मागं येऊन त्या पहिल्या मशीनचा हात धरतो, बस आता."

"आमी पन तसाच करतंव," आय म्हणाली. "तागं साठलं की बीम बांदत न्हाय."

मग मी धोट्याकडे गेले. पेशी आपला माल लहान लहान पोटल्यांत बांधून ठेवते. हुकूम आला की पोटल्या उघडतात आणि माल दोन पेशींमधल्या फटीत पडतो. पलीकडच्या पेशीच्या दारावर जाऊन तो कडी वाजवतो. काम झालं. पण तो तिथंच पडून राहिला तर कडी वाजतच राहील आणि हात थांबणार नाही. म्हणून पाठवणारी पेशी स्वतःच तो बराचसा परत आत ओढून घेते, पुन्हा पोटलीत भरते. धोटा जातो तसा परत येतोच. उरलेसुरले तुकडे झाडून काढायला दोन झाडूवाले आहेत. शिवाय पाठवणाऱ्या पेशीला बाहेर बघायची एक खिडकी असते. फटीत माल फार झाला असं दिसलं की ती आपणच हात आखडता घेते.

विणकर माना डोलावत होते. मला टाळीची सवय आहे, ती मिळाली नाही, पण एकानं बिडी विझवली.

"मंग माज्या कारखान्याला कं झाला?"

इथं मी नाटक सोडलं. "तुमचे कारागीर कमी झालेत, आय. का ते अजून कुणाला नीट माहीत नाही. गेलेले परत येत नाहीत. गोळीत अर्धवट तयार माल असतो, डोपा. तयार डोपामिन दिलं तर मेंदूच्या वेशीवर अडतं, डोपाला आत सोडतात. राहिलेले कारागीर त्याचं कापड करतात."

तिनं थांबलेले माग एकेक करून पाहिले. अंगठा बोटांवर फिरत होता. मग म्हणाली, "किती कारागीर ऱ्हायलं?"

"मोजता येत नाहीत. पण आहेत. तुम्ही आत्ता चालत होतात."

वडपे

दुपारी डॉक्टरबाईंशी बोलले. दोन दोन गोळ्या एकदम आणि त्याही अंड्यांबरोबर, हे ऐकून त्यांनी फोनवर एवढा मोठा श्वास घेतला की मला इकडे वारा लागला. गोळ्या तेवढ्याच ठेवा, एकेक करून चार वेळा द्या, जेवणाच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर, मासळी-अंडी त्यानंतर, नाहीतर त्यांतली प्रथिनं आणि डोपा आत शिरायला एकाच दारात रेटारेटी करतात, असं त्यांनी शालूला स्वतः सांगितलं. आठवडाभरानं दाखवायला आणा म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे आयनं मान्य केलं असा अर्थ होत नाही. "पाच वर्सं दोन पाल्यान खाल्ल्या. पयली तीन वर्सं ब्येस चालली. तवा कसा चालला?"

या प्रश्नाचं उत्तर मला शुक्रवारी वडप्याला मिळालं.

दामोदर आम्हाला भाड्यानं दिलेलं गोदाम दाखवायला घेऊन गेला. हायवेला लागून पत्र्याची शेड, दारात कंटेनर. आय गाडीतूनच बोट दाखवत होती. तिथं वालाचं शेत होतं, तिथं विहीर. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "वाल पिकवून कोन बंगला बांदला?"

मी संधी साधली. "आय, हे गोदाम नसतं तर दुकानदारांनी काय केलं असतं?"

"रोजचा माल रोज आनला असता."

"तेच. पहिली तीन वर्षं तुमच्या डोक्यात गोदाम होतं. दोन गोळ्या एकदम आल्या तरी कारागीर माल साठवून ठेवत आणि दिवसभर पुरवून देत. आता साठवणारेच कमी झालेत. सकाळी ट्रक येतो, माल दारात पडतो, दुपारी दोनला शेड रिकामी. गोळी तीच, गोदाम लहान झालंय."

तिनं दारातल्या कंटेनरकडं बोट केलं. "मंग थोरा थोरा माल चार खेपांनी आनावा लागंल," ती म्हणाली, जणू हे तिनंच शोधलं.

"पण आय, आपल्या शिफ्ट दोन," दामोदर म्हणाला.

"नि कारागिरांचा चाय किती येला येतंय?"

दामोदरनं घड्याळाकडं पाहिलं. मागावर बाराला आणि चारला किटली येते. आठ, बारा, चार, आठ. पाच वर्षं उत्तर त्यांच्याच अंगणात उकळत होतं.

मग ती गाडीतून उतरली, कारण तिला आत बघायचं होतं. गोदामाच्या दारात अडकली. प्रशस्त दार, आत सपाट सिमेंट. हमाल बघत होते. त्यातले चारजण रविवारचे, त्यांची नजर मापं घेत होती. आयच्या ते लक्षात आलं आणि तिची मान ताठ झाली, पण पाय हलेना. जमिनीवर माल कुठं ठेवायचा त्याचे पिवळे पट्टे मारले होते, दीड दीड फुटांवर. माझा पाय सहज त्या पट्ट्यावर पडला आणि मी लहानपणी खेळायचे तसा पुढच्या पट्ट्यावर टाकला.

आयनं खाली पाहिलं. एक पाऊल उचललं आणि पिवळ्या पट्ट्यापलीकडं टाकलं. मग दुसरं. पट्टे जिथवर होते तिथवर ती गेली. पट्टे संपले तिथं थांबली, वळून म्हणाली, "दामू, घरच्या फरशीवर पन असं मार."

"आय, संगमरवर आहे तो."

"म्हनूनच सांगतंय."

संध्याकाळी डॉक्टरबाईंना पुन्हा फोन. होय, म्हणाल्या, काही जणांना असं होतं. आपोआप चालायची वाट डोपामिनवर चालते, ती बिघडली तरी डोळ्यांना रेघ दिसली किंवा कानाला ठोका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो. जिने चढणं कधी कधी सपाट चालण्यापेक्षा सोपं जातं. मात्र दोन्ही बाजूंना माणूस हवा.

मी फोन ठेवला आणि नाचले. शालूनं दार लावून घेतलं.

पायऱ्या. बावन्न. म्हणजे बावन्न रेघाच की.

शनिवारी काही घडलं नाही, आणि तेच मोठं होतं. बाराला किटली आली, मुस्तकीम चाचांनी मागच्या दारातून हाक दिली, "अम्मा, पहले दवाई, फिर चाय." चारला पुन्हा. दुपारी दोनला, रोज जेव्हा ती खुर्चीत लाकूड होऊन बसायची, तेव्हा ती शालूला कालवणात चिंच कमी पडल्याबद्दल बोलत होती. हात थरथरत होता. तो थांबला नाही. पाय अडकले, पण तीनदाच.

अकलोली, आणि पायऱ्या

रविवारी आठची गोळी घरी घेऊन निघालो. शालू, दामोदर, आय आणि मी जीपमध्ये, मागं टेम्पोत चार हमाल आणि लाल प्लॅस्टिकची खुर्ची. दामोदरनं ती आणलीच. "असू द्या मॅडम, स्टँडबाय."

आधी अकलोलीच्या गरम कुंडांत पाय धुवायचे असा या घरचा शिरस्ता. तिथं मी एक चूक केली. शालू म्हणाली, "हात लावून बघ आधी." मी म्हटलं, मी मिरजेची, आमच्याकडं उन्हाळा असतो. आणि सरळ सगळ्यात गरम कुंडात दोन्ही पाय घातले. पुढं काय झालं ते धामणकर नाक्यावरच्यासारखंच, फक्त या वेळी मी आयच्या मांडीवर पडले. ती म्हणाली, "राक्षस भाजला." तळवे लालबुंद, चप्पल घालवेना.

वज्रेश्वरीला पायथ्याशी उतरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. गोळीचा भर अजून होता, पण फार वेळ नव्हता. दगडी पायऱ्या उंच, सरळ वर. दामोदर उजवीकडं, शालू डावीकडं, मी मागं लंगडत, माझ्या मागं खुर्ची.

आयनं पहिल्या पायरीकडं पाहिलं. ती वाकली, पायरीला हात लावला आणि चढली.

एक. दोन. दहाव्या पायरीवर दामोदर म्हणाला, "आय, दमलीस तर…" ती म्हणाली, "मोजू दे." मधल्या एका पायरीवर दगडात कासव कोरलंय, त्याला तिनं हळद-कुंकू वाहिलं, तिथं दोन मिनिटं थांबली, पण अडकली नाही. चाळीस. पंचेचाळीस. हमालांपैकी एकजण मोठ्यानं मोजायला लागला, मग चौघेही. बावन्न.

दामोदर रडत होता आणि ते लपवायला बुटाची नाडी बांधत होता. तो अनवाणी होता.

पण देवी अजून वीस पावलं लांब होती, आणि ती वीस पावलं सपाट. गुळगुळीत फरशी, एकही ठळक रेघ नाही. आयनं पाऊल टाकायला अंग पुढं झुकवलं आणि पाय चिकटले. मागून लोक येत होते, बाजूनं जात होते. एक मिनिट. दीड. तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा भीती दिसली. हमालांनी खुर्ची टेकवली. टेकवल्याचा आवाज तिनं ऐकला.

"दामू, चाचांना फोन लाव," शालू म्हणाली. मी राक्षस झालेली बाई, पण युक्ती तिची. "स्पीकरवर टाक."

"चाचा, फोन मागाजवळ धरा. जवळ, अजून जवळ," दामोदर ओरडला.

त्या छोट्या फोनमधून चोवीस माग देवळात आले. खटाक खट, खटाक खट. पुजारी दारात येऊन उभे राहिले. आयनं मान वर केली, आणि पाऊल सुटलं. एक, दोन, पाच, आठ. दामोदर फोन दोन्ही हातांत धरून तिच्यापुढं उलटा चालत होता. बारा.

तेराव्या पावलाला फोन गप्प झाला. पलीकडून चाचांचा आवाज आला, "लाइट गई, सेठ."

भिवंडीत अकरा वाजले होते.

मग मी माग झाले. दुसरं काय करणार? मांडीवर थापा मारल्या, जिभेनं खटाक खट केलं, भाजलेले तळवे फरशीवर आपटले. तीन संमेलनांचा अनुभव त्यात ओतला. एक लहान मूल आईच्या मागं लपलं. आय जागची हलली नाही. माझ्याकडं बघत होती.

"थांब," ती म्हणाली. "तुजा ठोका चुकतंय. असल्या मागावर कापूड न्हाय, पोतं निंगल."

आणि तिनं स्वतःच सुरू केलं. त्या बारीक झालेल्या आवाजात, ओठांच्या ओठांत, चाळीस वर्षं ऐकलेला ठोका, खटाक खट, खटाक खट. पाऊल. खटाक खट. पाऊल. शेवटची आठ पावलं ती आपल्याच मागावर चालली आणि देवीपुढं उभी राहिली.

तिथं काय मागितलं ते कुणाला सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो. ती दामोदरला म्हणाली, "किती वाजलं?"

"बाराला पाच कमी."

तिनं कमरेची चंची काढली. गेल्या काही वर्षांत त्या चंचीत तंबाखू नव्हता, नुसती रिकामीच खोचलेली असे. तिनं ती उघडली, थरथरत्या बोटांनी आतून एक पिवळी गोळी काढली आणि शालूपुढं हात केला. "पानी."

गोळी घेतली. मग म्हणाली, "नि आता चाय."

उतरताना एकच अडचण होती. माझ्या तळव्यांना फोड आले होते. एक पायरी उतरले आणि कळवळले. चार हमाल रिकाम्या खुर्चीकडं बघत होते, खुर्ची रिकामी परत न्यायची त्यांना लाज वाटत होती. शेवटी वज्रेश्वरीच्या बावन्न पायऱ्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, चौघांच्या खांद्यांवरून, मिरजेची बायॉलॉजीची शिक्षिका उतरली. आय शेजारून, दोन्हीकडं माणूस धरून, एकेक पायरी मोजत येत होती. मधूनच हमालांना ठोका देत होती, म्हणजे मी पडणार नाही.